निम्म्या वाट्याची म्हैस

माझी पहिली नेमणूक डोंगरकड्याजवळच्या एका गावात झाली, आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून. उपकेंद्राची राहायची खोली गळकी होती, म्हणून मी गावातच भाड्याची खोली घेतली. नवरा परभणीला नोकरीला, सुट्टीला तेवढा यायचा. खोलीतल्या कोनाड्यात मी बुद्धाची छोटी मूर्ती ठेवली होती. लेकरांना टोचायला, स्वतःचं वजन करायला गल्लीतल्या सगळ्या बाया माझ्याकडं यायच्या, हसून बोलायच्या. पण चहा ठेवते म्हटलं की कुणाला उपास असायचा, कुणाला पित्त झालेलं असायचं. समोरच्या घरातली वहिनी मात्र आल्या आल्या थेट आत आली, माठातलं पाणी स्वतःच्या हातानं घेऊन प्याली आणि म्हणाली, "सिस्टर, साखर जरा जास्त टाका. मला गोड लागतो."

त्या दिवसापासून ती माझी झाली. वयानं माझ्याहून मोठी, अंगानं उंच, आवाज असा की गल्लीच्या टोकाला उभं राहून शेतातल्या माणसाला बोलवायची. घरी नवरा, म्हातारा सासरा आणि शाळेत जाणारी एक मुलगी. थोडी हळद, थोडी केळी, गोठ्यात दोन बैल आणि एक आटलेली गाय. मला टायफॉइड झाला तेव्हा नवरा येईपर्यंत तिनंच माझं सगळं केलं. आंबील करून आणायची, काशाच्या वाटीनं तळपाय घासून द्यायची आणि वर दम भरायची, "गावाला गोळ्या देती अन् सोता घेईना!" तेव्हाच कधीतरी आमचं 'तुमी' गळून पडलं आणि आम्ही एकमेकींना अगं-तुगं करायला लागलो.

म्हशीचा विषय मीच काढला. माझे वडील एका मोठ्या शेतकऱ्याकडं सालगडी होते. त्यांच्या गोठ्यातल्या म्हशी वडील धुवायचे, चारायचे, धार काढायचे, आणि आई त्याच घरी ताक मागायला जायची. ताक वरून ओतायचे. आई खाली भांडं धरायची, थोडं भांड्यात पडायचं, थोडं तिच्या मनगटावर. मी तिच्या पदराला धरून उभी असायची. नोकरी लागल्यावर मी बऱ्याच गोष्टी घेतल्या, पण आपल्या मालकीची एक म्हैस असावी ही इच्छा काही जात नव्हती. भाड्याच्या खोलीत म्हैस बांधणार कुठं?

"माज्या गोठ्यात बांध," ती म्हणाली. "वगार घेऊ, म्हशीची बारकी पारडी. तू घे, मी सांभाळते. व्याली की निम्मी तुजी, निम्मी माजी."

आमच्याकडं ही रीत आहे. ज्याच्याकडं जागा आणि चारा नाही तो जनावर विकत घेतो, ज्याच्याकडं आहे तो पोसतो, आणि पहिल्या वेताला जनावराची किंमत करून वाटा होतो. जवळा बाजारच्या आठवडी बाजाराच्या दिवशी तिचा नवरा, ती आणि मी तिघं गेलो. तिथल्या एका शेतकऱ्याच्या दारात वगार बांधलेली होती. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका, कान सतत हलणारे. तिनं वगारीचं तोंड उघडून बघितलं, पाठीवर हात फिरवला, शेपूट उचलून बघितली आणि माझ्याकडं बघून मान हलवली. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी फक्त मैत्रिणीच्या तोंडाकडं बघत होते.

वगार घरी आली त्या संध्याकाळी मैत्रिणीच्या सासऱ्यानं आम्हा दोघींना ओट्यावर बसवलं. म्हातारा शांत होता, पण बोलला की सगळे ऐकायचे.

"आज तुमी गळ्यात गळा घालून राहिल्यात," तो म्हणाला. "पण म्हशीची किंमत करायची येळ आली म्हंजी तोंडं फिरतात. म्हणून आताच सांगतो. जी पोसते तिनं किंमत बोलायची. अन् जिची म्हैस हाय तिनं सांगायचं, घेते का देते."

मला समजलं नाही. त्यानं समजावून सांगितलं. सूनबाई कमी किंमत बोलली, तर सिस्टर म्हणणार, मीच घेते, हा घे तुझा निम्मा. म्हणून ती कमी बोलणार नाही. जास्त बोलली, तर सिस्टर म्हणणार, तूच घे आणि माझा निम्मा टाक. म्हणून ती जास्तही बोलणार नाही. बराबर किंमत आपोआप तोंडातून निघणार. पंच नको, कागद नको.

मी थक्क झाले. पुढं कितीतरी दिवस मी ही गोष्ट ज्याला त्याला सांगत होते. बैठकीला हिंगोलीला गेले की बरोबरच्या नर्सांना सांगायचे, नवऱ्याला सांगितली. नवरा हिशेबी माणूस. तो म्हणाला, "नियम चांगला आहे. पण दोघींना सारखंच माहीत असलं तर." मी म्हटलं, माझ्या आणि तिच्यामध्ये न सांगण्यासारखं आहेच काय.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. सकाळी उपकेंद्रावर जायच्या आधी मी गोठ्यात डोकावायचे. वगार माझा हात चाटायची. मग माझी बदली झाली, हिंगोलीच्या पलीकडं. नवऱ्यानंही बदली करून घेतली आणि आम्ही हिंगोलीत बिऱ्हाड केलं, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. निघताना ती इतकी रडली की तिच्या सासऱ्यानं तिला हाताला धरून घरात नेलं. त्यानंतर म्हशीची खबर फोनवरून यायला लागली. ती फोटो पाठवायची. कधी म्हैस डबक्यात बसलेली, कधी तिच्या मुलीचा हात म्हशीच्या कपाळावर. मी ते फोटो दवाखान्यात सगळ्यांना दाखवायचे.

एका वर्षी पावसानं ओढ दिली. तिचा फोन आला. "कडबा मिळून न्हाई राहिला गं. सरकीच्या ढेपीचा भाव तर बघूच नको. ठरावात चारा माज्याकडं हाय, मला मान्य हाय. पण हे एवढं वर्स निम्मी ढेप तू दे."

मी लगेच हो म्हटलं. ठरलं होतं तेव्हा असा काळ येईल हे कुणाला माहीत होतं? ढेप किती आली, म्हशीच्या पोटात किती गेली, हे मी विचारलं नाही. विचारून तरी काय. मी हिंगोलीत, म्हैस तिथं. सणाला गेले तेव्हा म्हशीचं अंग तेल लावल्यासारखं चमकत होतं. तेवढं मला पुष्कळ झालं. त्याच वर्षी म्हातारा गेला. मुलीचं लग्नही त्यानंतर झालं. लग्नात मी घरच्यासारखी राबले, आणि मावशी म्हणून मुलीच्या मागं उभी राहिले.

म्हैस आता वयात आली होती, पण गाभण राहीना. निदान फोनवर तसं कळायचं. "माजावर येती, डॉक्टर येऊन जातो, पण उलटती, गाभ धरत न्हाई," ती सांगायची. मी औषधाचं विचारलं की म्हणायची, केलं, सगळं केलं. तिचा आवाज थकल्यासारखा यायचा. मला वाईट वाटायचं ते म्हशीपेक्षा तिचं.

मग एकदा पोळ्याच्या आसपास तिनं बोलावलं. "ये एकदा. काय ते एक करून टाकू. माज्यानं आता व्हत न्हाई."

मी एसटीनं डोंगरकड्याला उतरले, तिचा नवरा मोटारसायकल घेऊन न्यायला आला होता. घरी तिची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. पोट चांगलं दिसत होतं. मी आधी तिलाच तपासलं. पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठं आहे ते बघितलं, रक्तदाब घेतला, पायाला सूज आहे का ते दाबून पाहिलं. कधी होईल ते सांगितलं. तिची आई, माझी मैत्रीण, शेजारी उभी राहून माझे हात बघत होती.

मग आम्ही गोठ्यात गेलो. म्हैस गव्हाणीशी बसलेली होती, रवंथ करत. मी तिच्या कपाळावर हात फिरवला.

"पोट मोठं दिसतंय गं," मी म्हटलं.

"फुगलंय. हिरवं लई खाल्लं. कालपासून असंच हाय."

"डॉक्टरला दाखवलंस का? गाभण-बिभण नाही ना?"

"दाखवलं ना. हात घालून बघितलं त्यानं. म्हणला, काही न्हाई." ती म्हशीकडं बघत होती, माझ्याकडं नाही. "गाभण राहिली असती तर मी तुला गावभर वाजवत सांगितलं नसतं का?"

मग ओट्यावर बसून ती किंमत बोलली. भाकड जनावराची जी असते ती. बोलून झाल्यावर म्हणाली, "मामांनी सांगितलं तसं. आता तू सांग. घेते का देते."

मी काय सांगणार होते? घ्यायची म्हटलं तर ती म्हैस दुसऱ्या मजल्यावर कशी चढवायची? माझ्याकडं ना गोठा, ना चारा, ना हात. म्हाताऱ्याचा नियम ऐकताना जे माझ्या ध्यानात आलं नव्हतं ते तेव्हाही आलं नाही: 'घेते' म्हणायला आधी दावणीला जागा लागते. ती जागा माझ्याकडं कधीच नव्हती आणि हे तिच्याइतकं चांगलं कुणालाच माहीत नव्हतं. उलट मला तिची दया आली. इतकी वर्षं शेण काढलं, पाणी पाजलं, आणि हाती हे आलं. मी म्हटलं, "देते." तिनं माझा वाटा हातावर ठेवला. त्यातलंच काही मी मुलीच्या हातात दिलं, "बाळाला काहीतरी घे" म्हणून. मैत्रिणीनं मला मिठी मारली. बसमध्ये बसल्यावरही मला बरंच वाटत होतं. एक गोष्ट साधली नाही, पण नीट मिटली, असं.

थंडी पडल्यावर मुलीला मुलगा झाला. मला फोन मुलीचाच आला. "मावशी, कधी येता?" रविवार बघून मी गेले, बाळासाठी झबली-टोपडी आणि तिच्यासाठी डिंकाचे लाडू घेऊन. मैत्रीण घरी नव्हती, शेतात गेली होती. मुलगी बाजेवर बसलेली, बाळ मांडीवर. मी बाळाला उघडं करून नाळ बघितली, डोळ्यांचा रंग बघितला, दूध पुरतं का विचारलं.

"मला तर पुरतंयच," ती हसत म्हणाली, "अन् घरात बी भरपूर हाय. मावशी, खरवस खाता का? आईनं कालच केलाय. गेलाच असता संपून, तुमच्यासाठी झाकून ठेवला मी."

"कुणाकडचा चीक आणला?"

"कुणाकडचा काहून? आपल्याच म्हशीचा."

मी उठून मागच्या दारानं गोठ्यात गेले. तीच म्हैस उभी होती, कास भरलेली, आणि तिच्या पुढं गवतावर एक काळंभोर रेडकू बसलेलं. वगार होती. परत आले तेव्हा मुलीनं खरवसाची ताटली माझ्यासाठी काढून ठेवली होती.

"कधी व्याली?" मी विचारलं.

"झाले की चार-पाच दिवस. माज्या मागूनच." मग तिनं अगदी सहज, बाळाच्या अंगावरचं फडकं सारखं करत सांगितलं, "मला दिवस गेल्याचं मी फोनवर सांगितलं ना मावशी, तवाच आई म्हणली होती, आपली म्हैस बी गाभण हाय, तुमचं दोघींचं एका टायमालाच येतंय बघ. तुला दुधाची काळजी न्हाई."

तिला यातलं काहीच माहीत नव्हतं हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. म्हैस भाकड आहे म्हणून मला सांगितलं आणि तशी किंमत झाली, हे तिच्या आईनं तिला सांगितलेलंच नसावं. बाळंतिणीला काय बोलणार? ताटली मात्र हातात घेतली नाही. पोटात कसंतरी होतंय म्हणाले. बोलून झाल्यावर ध्यानात आलं की या गल्लीतल्या बाया माझ्या घरी हेच म्हणायच्या.

मैत्रीण शेतातून आली तेव्हा मी ओट्यावर बसले होते. तिच्या डोक्यावर गवताचा भारा होता. मला बघून तिचं पाऊल अडलं. भारा उतरवून ती आली, पण शेजारी बसली नाही, खांबाला टेकून उभी राहिली.

"बघितलीस का म्हैस?" तीच म्हणाली. "देवाशपथ, आमाला बी कळलं न्हाई. डॉक्टर चुकला."

"पोरीनं सांगितलं मला," मी म्हटलं. "तिला दिवस गेले तेव्हापासून तुला माहीत होतं."

तिनं आत बघितलं. मग आवाज खाली आला, आणि तो आवाज मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

"तुमाला मी घे म्हणलं व्हतं का न्हाई? घेते का देते, इचारलं का न्हाई? तुमीच देते म्हणलात."

'तुमी'. ती मला 'तुमी' म्हणाली. म्हशीपेक्षा मला ते आधी लागलं.

"खरं सांगून विचारलं असतंस तर?"

"खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं?" ती आता भडकली होती. "गाभण म्हशीची किंमत कुठल्या कुठं जाती. तुमचा निम्मा मी कुठून आणला असता? मला न्हाई जमलं म्हंजी तुमी यापाऱ्याला इकून मोकळ्या. अन् माजी पोर पहिलटकरीण घरात, तिला मी थैलीतलं दूध पाजायचं? शेण मी काढलं. पाऊस न्हाई तवा बांधाबांधानं गवत मी येचलं. तुमी काय केलं? फोटो बघितले."

"मी विकली नसती," मी म्हटलं. "पोरीचं बाळंतपण होईपर्यंत ठेव म्हटलं असतं. पैसे सावकाश दे म्हटलं असतं. तुझ्याकडं मागायला मी कधी घाई केली?"

"असं आता म्हणता."

मी खरंच तसं केलं असतं. मला ते माहीत आहे, आजही. पण तिला ते कशानं दाखवणार? न घडलेली गोष्ट कुणापुढं ठेवता येत नाही. ती म्हणू शकत होती की मी विकलीच असती, मी म्हणू शकत होते की नसती, आणि दोघींच्या मध्ये ठेवायला काहीच नव्हतं. एवढं मात्र कळलं, की तिनं मला विचारूनही बघितलं नाही. इतक्या वर्षांत तिनं मला एवढंच ओळखलं होतं.

मी पिशवी उचलली. मुलीला दारातूनच "येते गं" म्हटलं. तेवढ्यात शेतातून आलेल्या मैत्रिणीच्या नवऱ्यानं मोटारसायकल काढली, पण मी नको म्हणून चालत रस्त्यावर आले.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो चिडला, पण 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हणाला नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. पोलिसात जायचं का, गावातली चार माणसं बसवायची का, असं तो विचारत राहिला. मी विचारलं, सांगायचं काय? किंमत ती बोलली, 'देते' मी म्हटलं. नियमाप्रमाणे सगळं झालं होतं. डॉक्टरनं काय सांगितलं, ती डॉक्टरकडं गेली तरी होती का, हे कोण शोधणार, आणि शोधून माझ्या हाती काय येणार?

मला म्हशीचं नुकसान सोसलं. सोसलं नाही ते वेगळंच. मी मागच्या सगळ्या गोष्टी उलगडून बघायला लागले. ढेपीचं खरं होतं का? 'उलटती' म्हणायची, ती पहिली खेप तरी खरी होती का? फोनवरचा तो थकलेला आवाज? कामावर असताना, कुणाच्या दंडाला पट्टा बांधताना, मध्येच एखादा जुना फोन आठवायचा आणि मी तो पुन्हा ऐकायचे, खोट कुठं आहे ते शोधत. कधी सगळं खरं वाटायचं, कधी काहीच नाही. टायफॉइडमध्ये माझे पाय घासणारे हात तर खोटे नव्हते ना, असंही एकदा मनात आलं, आणि तेव्हा मला हुंदका आवरला नाही. एका खोट्यानं माझी इतकी वर्षं संशयात टाकली होती. फसवणूक म्हशीत झाली, पण ती तेवढ्यावर थांबली नाही.

उन्हाळा लागता लागता तिचा नवरा हिंगोलीला आमच्या घरी आला. भला माणूस, बायकोपुढं कमी बोलणारा. पायरीवर चपला काढून खुर्चीच्या कडेला बसला. म्हणाला, "ती लई झुरून राहिली. तुमच्याकडं यायचं तिला तोंड न्हाई. आमी इचार केला. म्हशीची जी वगार झाली ती तुमची. ठराव नवा करू. आमीच सांभाळतो, निम्म्यानं. अन् या वख्ताला डॉक्टर तुमी ठरवा, तपासणी तुमच्या समोर."

तो मनापासून बोलत होता. तिनंच पाठवलं असावं, आणि तिच्या परीनं ती चूक दुरुस्त करू बघत होती. डॉक्टर मी ठरवायचा, तपासणी माझ्यासमोर. त्यांनी बरंच बारकाईनं विचार करून हे आणलं होतं. मी ऐकत होते आणि माझ्या लक्षात येत होतं की हा ठराव आधीच्या ठरावापेक्षा कितीतरी पक्का आहे. आणि मला तो नको आहे. जिच्या गोठ्यात प्रत्येक वेळी डॉक्टर घेऊन जावं लागेल, तिच्या गोठ्यात माझी वगार मला बांधायची नव्हती.

"दादा," मी म्हटलं, "वगार तुमच्या नातवाला राहू द्या. मला नको."

"रागानं म्हणता का?"

"व्हय," मी म्हटलं. "रागानंच."

मी चहा दिला, त्यानं घेतला. जाताना दारात उभा राहून म्हणाला, "तिला काय सांगू?"

"जे मी म्हटलं तेच सांगा. त्यात काही कमी-जास्त करू नका."

तिचा फोन आता दिवाळीला येतो. मी उचलते. ती नातवाचं सांगते, तो चालायला लागला, पडला, दात आले. मी लसीची तारीख विचारते, ताप आला तर काय द्यायचं ते सांगते, आणि ती सगळं नीट ऐकून घेते. म्हशीचं ती बोलत नाही, मी विचारत नाही. फोन ठेवल्यावर नवरा विचारतो, काय म्हणत होती? मी सांगते, सगळं बरं आहे म्हणाली. खरं आहे का, असं तो विचारत नाही, आणि मलाही ते माहीत नसतं.